रेषेवरची नऊ मतं

केळुस्करकाकांनी मतं चोरली असं म्हणणाऱ्यांनी त्यांना एकदा चहात साखर घालताना बघायला हवं होतं. चमचा भरायचा, सुरीच्या पाठीने वरचा ढीग सपाट करायचा, मगच तो कपात जाणार. पाहुण्याच्या कपातसुद्धा. काकू करवादायच्या, "अहो, ती पोरगी पावसातून आलीय. तिला काय रेशनवर ठेवताय?" काका म्हणायचे, "कमी वाटली तर दुसरा चमचा देईन. पण तोही सपाटच."

असा माणूस. त्याला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातल्या निम्म्या मराठी घरांनी चोर ठरवलं आणि उरलेल्या निम्म्यांनी घाबरट. मी त्या दुसऱ्या निम्म्यात होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगितलं तर ते कबुलीजबाबासारखं वाटेल, आणि कबुलीजबाबाला मला उशीर झालेला आहे. काका आता नाहीत.

काका रक्त मोजायचे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली, त्यातली पहिली बरीच वर्षं मशीन येण्याच्या आधीची. मायक्रोस्कोपखाली एक काच, काचेवर बारीक चौकोन आखलेले, त्या चौकोनांत किती पेशी आहेत ते डोळ्याने मोजायचं. हातात बोटाने दाबायचा क्लिकर. रिटायर झाल्यावरही तो क्लिकर त्यांच्या कोटाच्या खिशात असे, आणि बोलणं कंटाळवाणं झालं की खिशातून टिक टिक ऐकू येई. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात अध्यक्षांचं भाषण चालू असताना ते 'मी' किती वेळा आला ते मोजत, असं काकू सांगायच्या. आकडा मात्र त्यांनी कधी कोणाला सांगितला नाही.

एकदा मी विचारलं, "काका, पेशी बरोबर रेषेवरच बसली असेल तर? आत धरायची की बाहेर?"

काका असे खूश झाले, जणू हा प्रश्न त्यांना गेल्या वीस वर्षांत कोणी विचारलाच नव्हता. "वरच्या आणि डाव्या रेषेवरची आत. खालच्या आणि उजव्या रेषेवरची बाहेर."

"का पण?"

"का-बिका काही नाही. उलटं ठरवलंस तरी चालेल. फक्त डोळा लावायच्या आधी ठरवायचं. एकदा आत बघितलंस की तुझं मन कुठेतरी झुकणार. मन झुकलं की रेषा हलते."

हा त्यांचा पहिला नियम. दुसरा, आपण मोजलेलं आपणच पडताळायचं नाही. एकाने मोजायचं, दुसऱ्याने पडताळायचं. कुलूप लावलं की नाही हे ते काकूंना बघायला लावत, आणि काकूंनी लावलेलं कुलूप स्वतः ओढून बघत. काकू म्हणत, "संशय घेताय माझ्यावर?" "संशय नाही गं. पडताळणी." बेचाळीस वर्षांच्या संसारात काकूंना या दोन शब्दांतला फरक पटला नव्हता.

मी तेव्हा बावीस वर्षांची. नऊ वर्षांची असताना आईबाबांबरोबर इकडे आलेली, युनिव्हर्सिटीत शिकणारी आणि शिकण्यापेक्षा पत्रकं जास्त छापणारी. काका मला 'पत्रकवाली' म्हणत. "काय गं पत्रकवाले, आज कोणाला जाब विचारलास?" आमच्या भागातून हॉस्पिटलकडे जाणारी बस बंद व्हायची होती, त्याविरुद्ध मी रान उठवलं होतं. मंडळाच्या हॉलवर दर गुरुवारी म्हाताऱ्या मंडळींचं जेवण असे. वीसपंचवीस आज्या-आजोबा, मुलांकडे येऊन राहिलेले, ज्यांचा आठवड्यातला माणसांत बसण्याचा तो एकच दिवस. मी तिथे सह्या गोळा करायला गेले. आज्या घाबरत. "आमच्या सहीने काय होणार? मुलाला विचारते." मी टेबलावर थाप मारून भाषणच दिलं. बिनसहीचा कागद म्हणजे रद्दी. तुमच्या हातात कागद आला की नाव लिहिल्याशिवाय परत द्यायचा नाही. पत्रकावरही मोठ्या अक्षरांत छापलं : नाव लपवू नका. हळूहळू सगळ्यांनी सह्या केल्या. एका आजोबांनी तर आधी जुन्या पाकिटावर तीनदा गिरवून पाहिली.

पत्रकाचा कच्चा मसुदा मी काकांना दाखवला. "हजारो सह्या" असं त्यात लिहिलं होतं. काकांनी गठ्ठा मागितला, मोजला, मग मला मोजायला लावला. दोघांचे आठशे बारा आले.

"एक हजारही नाही, आणि तू हजारो लिहितेस?"

"काका, पत्रकाची भाषा असते ती."

"मग पत्रकाला म्हणावं मोजायला शीक. आणि आठशे बारा नाही, आठशे अकरा. एक नाव दोनदा आहे." नाव काकूंचं होतं. काकू आतून म्हणाल्या, "मला बस जायला एक लागते, यायला एक लागते."

आठशे अकरावर बस वाचली. मी हवेत होते.

मंडळात अध्यक्षपदाची निवडणूक कधी झालीच नव्हती. चहा पिता पिता डॉ. आगट्यांचं नाव कोणीतरी सुचवायचं, बाकीच्यांनी माना हलवायच्या. आगटे सर्जन. मोठा माणूस, आणि खरं सांगायचं तर मंडळासाठी खपलेला माणूस. गणपतीत स्वतः खुर्च्या उचलायचे. पण त्या वर्षी त्यांनी ठरवलं की हॉल आठवडाभर बाहेरच्यांना भाड्याने द्यायचा, म्हणजे गुरुवारचं जेवण बंद. मग मीनल उभी राहिली. इथेच जन्मलेली, प्रायमरी शाळेत शिकवणारी, मराठी बोलताना लिंगाची पार दाणादाण उडवणारी, पण गुरुवारी पोळ्या लाटायला न चुकता येणारी. पत्रकं अर्थातच माझी.

निवडणूक अधिकारी कोण, यावर दोन्ही बाजूंनी एकच नाव दिलं : केळुस्कर.

मतदान झालं ते नोव्हेंबरातल्या एका रविवारी. त्याच आठवड्यात अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक झालेली होती आणि फ्लोरिडा राज्यातल्या मोजणीपायी निकाल अडला होता. हॉलमध्ये जो तो त्यावरच विनोद करत होता. काकांनी दुसरा मोजणारा म्हणून हॉलचा केअरटेकर ब्रायन याला बसवलं. त्याला कोण आगटे आणि कोण मीनल, काही देणंघेणं नव्हतं. मतपत्रिकेवर इंग्रजीत दोन नावं, एकासमोर फुली मारायची. काका आणि ब्रायन स्टेजवर, आम्ही सगळे मागच्या भिंतीला. एकशेबारा मतं.

मोजता मोजता काका मध्येच थांबले. काही कागद बाजूला ठेवले, त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले, चष्मा पुसला, परत बघितलं. मग ब्रायनने मोजलं. मग काका उठले. "नऊ मतं शंकास्पद होती. ती मी ग्राह्य धरली आहेत. डॉक्टर आगटे पंचावन्न, मीनल सत्तावन्न."

आमचा जल्लोष. त्यातून आगट्यांचा आवाज आला, "ती नऊ धरण्याआधी काय होतं?"

काका खोटं बोलू शकत नसत. "तुम्ही त्रेपन्न, ती पन्नास."

आगटे दोन पावलं पुढे आले.

"आणि शंका कसली होती?"

"ते मी सांगणार नाही," काका म्हणाले.

कागद बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात गेले, झाकणाभोवती हॉस्पिटलातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळली, तिच्यावर काकांची सही, ब्रायनची सही. डबा काकांच्या घरी गेला, स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर. आणि पंधरा दिवसांत आगट्यांच्या सॉलिसिटरचं पत्र आलं. दोन्ही उमेदवारांसमोर डबा उघडा, नाहीतर आम्ही कोर्टाकडून तसा हुकूम आणतो. निकाल लागेपर्यंत हॉलचा वापर बंद.

त्या दिवसांत कॉव्हेंट्रीत दोन मराठी माणसं भेटली की आधी फ्लोरिडाचं बोलायची आणि मग आवाज खाली आणून डब्याचं. कोर्टात साक्षीला बोलावतील का? नावं पेपरात येतील का? एका घरात सासरे या बाजूचे, जावई त्या बाजूचे, मुलीने बारसं पुढे ढकललं. वाण्याच्या दुकानात कढीपत्ता निवडत असलेल्या काकांना आगट्यांच्या गटातला एकजण सगळ्यांदेखत म्हणाला, "काय फ्लोरिडा, झाली का मोजणी?" काकांनी कढीपत्त्याची जुडी पिशवीत टाकली. "नमस्कार," म्हणाले आणि निघाले.

आमचा गटही त्यांच्यावर चिडलेला. मीनल फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाली, "काका, आपला बाजू खरा आहे ना? मग तुम्ही डब्बा का नाही उघडत? आय डोन्ट गेट इट." काका म्हणाले, "बाळ, नाही उघडता येत."

मी काय केलं? मी पत्रक काढलं. 'डबा उघडा!' तीन उद्गारचिन्हं. लोकांना पारदर्शकता हवी, लपवण्यासारखं काय आहे, वगैरे. सगळ्या घरांत टाकलं, काकांच्या दारातही टाकलं. दोन दिवसांनी ते मला पोस्टाने परत आलं. मी एकशेबाराऐवजी एकशेवीस मतं छापली होती. काकांनी लाल पेनने तेवढं दुरुस्त केलं होतं. बाकी एका अक्षराला हात लावला नव्हता.

डिसेंबरात मी तावातावाने त्यांच्या घरी गेले. टीव्हीवर अमेरिकेतली मोजणी दाखवत होते. अधिकारी भोकं पाडलेली कार्डं उजेडाकडे धरून डोळे बारीक करून बघत होते. काका खुर्चीच्या टोकावर बसून टीव्हीला सांगत होते, "अरे आधी ठरवा! मग बघा! हे काय चालवलंय?"

"त्यांना ऐकू नाही जात," काकू म्हणाल्या.

मग आधी येऊन गेलेली बातमी टीव्हीवर पुन्हा सांगितली : तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने फेरमोजणी संपवली. आता आणखी मोजायचं नाही. काकांनी टीव्ही बंद केला. "मोजणंच थांबवलं," ते म्हणाले. "म्हणजे आता कधीच कळणार नाही."

मला तेवढंच हवं होतं. "आणि तुम्ही काय करताय? तेच ना? त्या कोर्टात आणि तुमच्यात फरक काय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना थप्पड मारली असती तरी त्यांचा चेहरा तसा झाला नसता. "तिथल्या मतांत आणि इथल्या मतांत फरक आहे."

"काय फरक?"

"चहा घे गं," काकू म्हणाल्या. काकांनी उठून साखरेचा चमचा भरला, सुरी फिरवली. मी चहा तसाच टाकून निघून आले. शूर होते ना मी.

नाताळच्या आधी एके दिवशी बसमध्ये, त्याच वाचवलेल्या बसमध्ये, गुरुवारच्या जेवणातल्या एक आजी माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांचा मुलगा आगट्यांच्या हाताखाली शिकून मोठा झालेला, घरात आगट्यांचा शब्द म्हणजे देवाचा. आजींनी इकडेतिकडे बघितलं. बस रिकामी होती तरी कुजबुजल्या, "अगं, तो डबा उघडणार का गं?"

"उघडायलाच हवा आजी. आम्ही सोडणार नाही."

त्यांनी माझं मनगट धरलं. "नको गं बाई. माझी सही आहे त्यावर."

"कशावर?"

"मताच्या कागदावर. फुली मारली आणि खाली नाव लिहिलं. मीनलला दिलं मी मत. घरात कळलं तर मुलाच्या तोंडाकडे कशी बघू? तूच म्हणाली होतीस ना, कागद आला की नाव लिहिल्याशिवाय परत द्यायचा नाही म्हणून? गुरुवारच्या बऱ्याच जणांनी लिहिलंय. आता झोप नाही कोणाला."

बस हॉस्पिटलपर्यंत गेली. मला तीन स्टॉप आधी उतरायचं होतं.

नऊ माणसं. गुप्त मतदानात सही करायची नसते, सही असली की मत बाद धरतात, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आणि सही करा म्हणून टेबलावर थापा मात्र मी मारल्या होत्या.

तशीच काकांकडे गेले. दार त्यांनीच उघडलं. मी म्हटलं, "काका, सह्या."

"कोणी सांगितलं?"

"नाही सांगणार."

"शाबास. मलाही सांगू नकोस." मग पॅसेजमध्येच, कोट न काढू देता, हळू आवाजात म्हणाले, "फुल्या स्वच्छ होत्या. कोणाला मत द्यायचं हे माणसाने इतकं स्पष्ट सांगितल्यावर ते बाद कसं करायचं? ब्रायनला देवनागरी वाचता येत नाही, ते एक बरं झालं."

"माझ्यामुळे झालं हे."

"नाही. तू सही करायला शिकवलंस ते चांगलंच केलंस. कुठे करायची नाही, ते सांगणं माझं काम होतं. मत टाकायच्या आधी. मी विसरलो. जन्मात पहिल्यांदा मी आधी बघितलं आणि मग ठरवलं. आगटे चिडलेत ते चूक नाही."

"मग निदान लोकांना कारण तरी सांगा!"

"सह्या आहेत म्हटलं की, कोणाच्या, हा पुढचा प्रश्न. उद्यापासून प्रत्येक घरात म्हाताऱ्यांची उलटतपासणी."

"मग जाळून टाका तो डबा."

"जाळला तर मी चोर."

"आत्ताही म्हणतातच आहेत."

"आत्ता ते म्हणतात," काका म्हणाले. "जाळला तर मला म्हणावं लागेल."

नव्या वर्षात त्यांनी दोन्ही बाजूंना एकच पत्र लिहिलं. नियम आधी जाहीर केला नाही ही चूक सर्वस्वी माझी आहे. सबब हा निकाल मी रद्द करत आहे. निकालच नसल्यामुळे मतं पुन्हा बघण्याचं कारण उरत नाही. सॉलिसिटरला हवं ते मिळालं, कोर्ट टळलं, डबा मिटलेला राहिला. मीनलने अध्यक्षपद गमावलं आणि काकांशी बोलणं सोडलं. पुन्हा निवडणूक लावली तेव्हा ती उभी राहिली नाही, दुसरं कोणी राहिलं नाही. चहा पिता पिता माना हलल्या. गुरुवारचं जेवण बंद झालं. त्या बसमध्ये मला आजी-आजोबा दिसायचे, वेगवेगळ्या सीटवर बसलेले, खिडकीबाहेर बघणारे.

संक्रांतीला हॉलवर हळदीकुंकू होतं. काकूंना सोडायला काका आले होते. एकाने त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि मोठ्याने म्हणाला, "तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि मतं नीट मोजा." हशा झाला. त्या हॉलमध्ये त्या नऊ जणांतले निदान पाच-सहा तरी असणार. कोणी हललं नाही. त्या आजी समोरच होत्या, त्यांनी पदराने उगाच ओठ पुसले. मीही होते. तोंड उघडलं असतं तर आजींचं नाव बाहेर आलं असतं, निदान मी तसं स्वतःला सांगितलं. शेकडो पत्रकं काढली मी आयुष्यात. ज्या एका माणसासाठी काढायला हवं होतं, त्याच्यासाठी काय छापणार होते? काकांनी तिळगूळ तोंडात टाकला आणि तो अगदी सावकाश, शेवटपर्यंत चावून खाल्ला.

चार-पाच वर्षांनी मला साउथहॅम्प्टनला नोकरी लागली. निरोप घ्यायला गेले. काका वाळले होते. फ्रिजवर तो डबा तसाच. काकू म्हणाल्या, "दर दिवाळीला मागते चिवडा ठेवायला. देत नाहीत."

"आपला नाहीये तो," काका म्हणाले. "दोघांनाही पत्र लिहून विचारलं, कुठे जमा करू. उत्तर नाही." मग स्टूल ओढून त्यांनी डबा खाली काढला. चिकटपट्टी पिवळी पडली होती. झाकणावर कागदाची एक लांब पट्टी चिकटवली होती, तिच्यावर दर वर्षाची एकेक सही. ब्रायनची. दूधवाल्याची. शेजारच्या मिसेस हॉजची. गॅसचं मीटर वाचायला आलेल्या कुणा माणसाची. सगळ्या इंग्रजीत.

"सील फुटलेलं नाही हे दुसऱ्या कोणीतरी बघून सांगायला लागतं ना," काका म्हणाले. "मी सांगून काय उपयोग? आणि आपल्यातलं इकडे कोणी येत नाही."

त्यांनी पेन पुढे केलं. मी डबा हातात घेतला. चारही बाजूंनी फिरवला, पट्टीच्या कडेवरून बोट फिरवून बघितलं, खालूनही बघितलं. आत कागद सरकल्याचा आवाज आला. कुठेच फुटलेलं नव्हतं. मी मीटरवाल्याच्या खाली माझं नाव लिहिलं, देवनागरीत, पूर्ण.

काकांनी चष्मा लावला. आधी पट्टी तपासली, मग सही. बराच वेळ.

"तारीख राहिली," ते म्हणाले, आणि पेन परत माझ्या हातात दिलं.